मिश्रण क्रमांक सात

"पप्पा, एकदा... फक्त एकदा म्हणा, की माझं बरोबर असेल."

संस्कृतीनं वरणभाताचं ताट दूर सारलं आणि ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या मांडीवर तिच्याच उत्तरपत्रिकेची छायाप्रत होती, कॉलेजात अर्ज देऊन आणि आठ दिवस खेटे घालून मिळवलेली. तिसऱ्या पानावर तिनं जिथं ठळक अक्षरांत ‘स्ट्रॉन्शियम’ लिहिलं होतं, तिथं परीक्षकाची फुली होती. मूळ कागदावर ती लाल असणार. छायाप्रतीत मात्र ती काळीच उमटली होती.

सुखदेव पोकळेनं उचललेला घास परत ताटात ठेवला. ज्या माणसानं बत्तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून, परीक्षेत मुलांनी ओळखायची मिश्रणं स्वतःच्या हातानं तयार केली, त्याला सात नंबरच्या मिश्रणात काय असतं हे विचारणं म्हणजे कसब्यातल्या माणसाला गणपतीचा रस्ता विचारण्यासारखं होतं. सात म्हणजे बेरियम. ज्योतीत धरलं की हिरवा रंग. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं... आणि म्हणूनच लेकीच्या डोळ्यांतली ती याचना त्याला सहन होईना.

"पोरी, परीक्षेच्या घाईत व्हतं असं कधी कधी. नजर चुकती."

"माझी नजर नाही चुकली. ज्योत लाल होती. मी तीन वेळा फ्लेम टेस्ट केली, पप्पा. क्रोमेट घालून पाहिलं, पिवळा साका आला नाही. बेरियम असतं तर आला असता ना?"

अगदी हळू, जणू स्वतःलाच समजावत, सुखदेव म्हणाला, "बाटली खोटं बोलत न्हाई, बाळा."

हेच वाक्य त्यानं तिला ती सहा वर्षांची असल्यापासून ऐकवलं होतं. रविवारी साफसफाईला तो तिला कॉलेजात घेऊन जायचा, कपाटापुढे उभं करायचा आणि एकेका बाटलीवर बोट ठेवून नावं म्हणायचा... हे बेरियम, हे स्ट्रॉन्शियम, हे कॅडमियम, ह्याला हात लावायचा न्हाई. माणसं खोटं बोलतात, बाटली खोटं बोलत नाही. म्हणून जे दिसेल तेच लिहायचं. त्याच वाक्यानं आज तिच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं बळ पुसून टाकलं. ती उठली, कागदाची घडी घातली आणि आतल्या खोलीत गेली. शालूनं, सुखदेवच्या बायकोनं, मुकाट्यानं तिचं ताट झाकून ठेवलं.

त्या फुलीमागे काय बुडालं होतं, ते त्या दोन खोल्यांत तिघांनाही ठाऊक होतं. बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत एमएस्सी आणि पीएचडी एकत्र करायची जागा संस्कृतीला मिळाली होती. सगळ्या देशातून पंधरा मुलं निवडली होती, त्यात कसबा पेठेतली ही एक. लेखी परीक्षा झाली, दोन मुलाखती झाल्या. शालूनं आळीत पेढे वाटले, आणि आळीतल्या बायकांनी "म्हणजे नोकरी नक्की कधी लागणार?" असं विचारून तिचा आनंद जमेल तेवढा कमी केला. अट एकच राहिली होती. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात सत्तर टक्के हवेत, आणि ती गुणपत्रिका पाच जुलैपर्यंत पोचायला हवी. संस्कृतीसारख्या मुलीसाठी ही काय अट होती? पण एका मिश्रणानं घात केला. सहासष्ट टक्के!

तिनं फेरतपासणीचा अर्ज केला तेव्हा विभागप्रमुख बापट सरांनी तिला खोलीत बोलावून घेतलं. यज्ञेश्वर बापट म्हणजे मनानं वाईट माणूस नव्हे, पण जिभेला धार लावायची त्यांना जन्माची सवय.

"सात नंबर सकाळच्या बॅचला तुझ्याच वर्गातल्या विश्वजीतनं बरोबर ओळखलं," ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "दुपारी तुझ्यासाठी त्यानं काय रंग बदलला? लाल आणि हिरवा कळत नसेल तर रसायनशास्त्राचं सोड, लक्ष्मी रोडचा सिग्नलसुद्धा जपून ओलांड."

सरांना ते तिथंच संपलं असं वाटलं असेल. पण पोरीच्या मनात ते रुतून बसलं. ती मोबाईलवर रंगांधळेपणाच्या चाचण्या करत बसू लागली... ठिपक्यांतला आकडा ओळखायचा, बरोबर आला तरी पुन्हा पहिल्यापासून. आईला विचारायची, "ही साडी मरूनच आहे ना गं?" एका सकाळी शालूनं तिला अप्पा बळवंत चौकात पाहिलं. रस्ता ओलांडायचा नव्हता, कुठं जायचंही नव्हतं. नुसती सिग्नलपाशी उभी राहून ती दिवे बदलताना बघत होती.

आणि सुखदेव? तो बघत राहण्यापलीकडे काय करू शकत होता... एप्रिलमध्ये परीक्षेहून आल्यावर तिनं आनंदानं सांगितलं होतं, "सात नंबर आलं, स्ट्रॉन्शियम होतं, सोपं गेलं." त्याच क्षणी, पोर चुकली, असं त्याला वाटलं होतं. पण मिश्रणाचे नंबर बाहेर बोलायचे नाहीत हे बत्तीस वर्षांचं व्रत. कुणी परीक्षेच्या दिवशी त्याच्या खिशात नोट सरकवायला बघायचा, त्याला तो सगळ्यांदेखत "पडली बघा तुमची" म्हणून परत करायचा. मुलगी त्याच कॉलेजात आली तेव्हा बापट सरांनीच सांगितलं होतं, "सुखदेव, मिश्रणं तुम्ही आदल्या दिवशी करून ठेवा, पण तिच्या परीक्षेला तुम्ही आत नको. माझा तुमच्यावर विश्वास आहे, लोकांच्या जिभेवर नाही." त्या दुपारी तो ग्रंथालयाच्या बाहेर बाकावर बसून राहिला होता. चिठ्ठी तिनं उचलली, नंबर तिच्या नशिबानं आला. आणि ती चुकली असं समजून दोन महिने तो हे दुःख एकटाच गिळत राहिला.

जूनच्या शेवटच्या शनिवारी, कॉलेज सुरू व्हायच्या आधी, तो भांडारातल्या बाटल्या तपासत होता. काय उरलं, काय मागवायचं, याची यादी दरवर्षी तोच करायचा. पहिल्या कपाटातली बेरियमची बाटली त्यानं उचलली. झाकणावरून अंगठा फिरवला, आणि तो अंगठा तिथंच थांबला.

सील शाबूत होतं.

जुनी बाटली जानेवारीत संपली होती. त्यानंच ती धुऊन उन्हात वाळत ठेवली होती. ही नवी फेब्रुवारीत आली. म्हणजे एप्रिलमध्ये त्यानं ज्या बाटलीतून सात नंबरचं मिश्रण केलं, ती बाटली... अजून उघडलीच गेली नव्हती?

तो खिडकीकडच्या कपाटापाशी गेला. वरचा कप्पा, खिडकीकडून तिसरी. ती बाटली खाली घेतली. आतली पांढरी भुकटी निम्म्याच्याही खाली गेली होती.

बत्तीस वर्षं त्यानं हजारो मुलांसाठी बर्नर पेटवून दिले होते, तारा घासून दिल्या होत्या. पण स्वतःसाठी ज्योत परीक्षा कधी केली नव्हती. आज त्यानं गॅसचा नळ सोडला. तार आम्लात बुडवली, भुकटीला टेकवली, आणि ज्योतीत धरली.

लाल. कुंकवासारखी लाल.

तो स्टुलावर बसला. आपल्या हातानं... आपल्याच हातानं आपण पोरीचं भविष्य चुकीच्या बाटलीतून काढून तिला दिलं, आणि वर तिलाच सांगितलं की बाटली खोटं बोलत नाही!

आता इथं ती गोष्ट सांगायला हवी, जी सुखदेवनं बत्तीस वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. धायरीच्या शाळेत तो सातवीपर्यंत शिकला. मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. पण इंग्रजी त्याला येत नव्हतं. अक्षरं सुटी सुटी ओळखायचा, ती एकत्र आली की सगळा गोंधळ. नोकरीला लागला तेव्हा तात्याराव नावाच्या जुन्या शिपायानं त्याला युक्ती शिकवली होती... "बाटलीवरची चिठ्ठी वाचायची न्हाई, जागा वाचायची. वरचा कप्पा, खिडकीकडनं तिसरी, बेरियम. तिच्या शेजारी, स्ट्रॉन्शियम." सुखदेवनं दोनशे बाटल्यांच्या जागा पाठ केल्या. प्राध्यापक बदलले, विद्यार्थी बदलले, "सुखदेवला विचारा, त्याला सगळं माहीत" ही ख्याती झाली. ती ख्याती मोडायची हिंमत मग त्याला कधी झाली नाही.

आणि गेल्या दिवाळीत नॅकची समिती कॉलेजचा दर्जा तपासायला यायची म्हणून बापट सरांनी सगळी कपाटं इंग्रजी वर्णक्रमानं लावून घेतली. पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून. सुखदेवनं "व्हय सर" म्हटलं, आणि नव्या जागा गुपचूप मराठीत वहीत लिहून घेतल्या. महिनाभर चुकला नाही, दोन महिने चुकला नाही. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी मिश्रणं करताना त्याचं चित्त कुठं थाऱ्यावर होतं? उद्या पोरीची परीक्षा, सकाळी तिला दहीसाखर द्यायची, तिच्या हाताला कोणता नंबर येतो देव जाणे... आणि या विचारांत त्याचा हात बत्तीस वर्षांच्या सवयीनं वर गेला. खिडकीकडून तिसरी. तिथं आता स्ट्रॉन्शियम उभं होतं. लेकीचाच विचार करता करता त्यानं लेकीचाच गळा कापला होता.

पुरावा? परीक्षा संपली की उरलेली मिश्रणं त्याच संध्याकाळी वाहून टाकायची, म्हणजे कुणाच्या हाती लागत नाहीत. तो नियमही त्याचाच. सात नंबरची परीक्षानळी त्यानं घासूनपुसून लख्ख केली होती.

घरी आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. शालू मेथी निवडत होती, संस्कृती खिडकीशी मोबाईल घेऊन बसली होती. तिच्या मोबाईलवर पुन्हा तेच ठिपके दिसत होते. सुखदेव चप्पल न काढताच तिच्यासमोर खाली बसला.

"ते बंद कर, पोरी. तुझं डोळं चांगलं हायेत."

ती वर बघेना.

"लाल व्हती," तो म्हणाला. "ज्योत लालच व्हती. म्या चुकीची बाटली घेतली."

शालूच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. संस्कृती बापाकडे नुसती बघत राहिली, आणि मग सुखदेवनं ते सांगितलं, जे सांगण्यापेक्षा मरण बरं असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं.

"मला विंग्रजी वाचाया येत न्हाई."

"काय?" तिला खरंच कळेना. "पप्पा, तुम्हीच मला नावं शिकवलीत. कपाटापुढे उभं करून..."

"नावं न्हाई शिकवली. जागा शिकवल्या. तू शाळेत जाऊन नावं शिकलीस. म्या तिथंच राह्यलो. जागा बदलल्या, आन् माझा हात जुन्याच जागी गेला."

तिनं मोबाईल पालथा ठेवला. मग अगदी लहान मुलीसारखं तिनं विचारलं, "म्हणजे... खरंच लाल होती?"

"लाल व्हती, बाळा. आत्ता करून बघितली."

आणि निकालापासून कोरडी राहिलेली ती पोर बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. रागानं नव्हे. आपले डोळे आपलेच आहेत, आपण जे पाहिलं ते होतं, एवढं एक तिला परत मिळालं होतं. सुखदेव तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला, आणि तसा हात फिरवायचा अधिकार तरी आपल्याला उरलाय का, हे त्याला कळत नव्हतं.

"एक सांगू?" रडं ओसरल्यावर ती म्हणाली. "सात म्हणजे बेरियम, हे मला माहीत होतं."

सुखदेव दचकला.

"सगळ्यांनाच माहीत असतं, पप्पा. नंबर दरवर्षी तेच असतात ना. सीनियर्सची यादी आहे, ग्रुपवर फिरते. विश्वजीतनं ज्योत लावलीसुद्धा नाही, यादी बघून लिहून टाकलं. मला चिठ्ठी उघडल्याबरोबर उत्तर माहीत होतं. मग ज्योत लाल आली. पुन्हा केली, पुन्हा लाल. मी दहा मिनिटं पेन धरून बसले होते."

"मग बेरियम का न्हाई लिवलंस?" शालूच्या तोंडून निघून गेलं. "तेवढं लिवलं असतंस तर..."

"जे दिसेल तेच लिहायचं ना?" संस्कृती बापाकडे बघत म्हणाली.

सुखदेवनं तोंड फिरवलं. बत्तीस वर्षं आपण जे गुपित प्राणपणानं जपलं, ते पोरांच्या खिशाखिशांत फिरत होतं... आणि त्या सगळ्या पोरांत एकीनंच ते वापरलं नाही, ती आपली. बक्षीस म्हणून तिला फुली मिळाली, आणि फुलीच्या वर आपण आपलं एक वाक्य ठेवलं.

"सोमवारी म्या सरांना लिहून देतो," तो म्हणाला.

"नको." ती ताडकन म्हणाली. "तुम्ही माझे वडील आहात. कोण मानणार आहे? म्हणतील, पोरीसाठी खोटं बोलतोय."

"अवो, महिनाच राह्यलाय निवृत्तीला," शालू पदरानं डोळे टिपत म्हणाली. "आजवर कुनी बोट दाखवलं न्हाई तुमच्याकडं. आता जाता जाता..."

"मानतील," सुखदेव म्हणाला. त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता.

विश्वजीतला संस्कृतीनं त्या रविवारी निरोप पाठवला. तू नुसतं खरं सांग, एवढाच. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. त्यानं खरं सांगितलं असतं तर त्याचीच परीक्षा रद्द झाली असती, आणि त्यालाही कुठंतरी प्रवेश मिळालेला होता. तिनं दुसऱ्यांदा निरोप पाठवला नाही.

सोमवारी बापट सरांनी सुखदेवचं दोन पानी मराठी निवेदन वाचलं. मग पुन्हा वाचलं. ‘मला इंग्रजी वाचता येत नाही’ या ओळीवर ते बराच वेळ थांबले.

"बत्तीस वर्षं?" त्यांनी विचारलं.

"व्हय, सर."

"आणि मी प्रत्येक नव्या प्राध्यापकाला सांगत आलो, लेबल निघालं असेल तर सुखदेवना विचारा." ते हसले नाहीत. "ही सीलबंद बाटली तुम्ही पुरावा म्हणून दाखवताय. सीलबंद बाटली बाजारात मिळते, सुखदेव. समितीत कुणीही हेच म्हणेल."

"सर, तुमी माझ्यावर..." सुखदेवनं हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं या खोलीत काही मागितलं. "तुमी तरी विश्वास ठेवा. माझी नोकरी घ्या, काय बी करा. पोरीचं खरं हाय, तेवढं तिला द्या."

बापट सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझा विश्वास बसून काय उपयोग? कागदाचा बसला पाहिजे. आणि कागदाला तुम्ही तिचे वडील दिसता."

परीक्षा समिती गुरुवारी ग्रंथालयाशेजारच्या खोलीत बसली. सुखदेव बाहेर बाकावर बसून राहिला, त्याच बाकावर, जिथं तो तिच्या परीक्षेच्या दिवशी बसला होता. आत त्याला पाच मिनिटांसाठी बोलावलं. एका बाईंनी इंग्रजी चिठ्ठी असलेली एक बाटली पुढे केली आणि वाचायला सांगितली. त्यानं ती हातात घेतली, अक्षरांकडे बघितलं, आणि मान खाली घातली. त्याला बाहेर जायला सांगितलं.

चार जुलैला दुपारी दोन पाकिटं घरी आली. एकाच दिवशी, एकाच सहीची.

पहिलं संस्कृतीच्या नावाचं. सदर कर्मचारी हे विद्यार्थिनीचे पालक असल्याने त्यांचे निवेदन ग्राह्य धरता येत नाही. निकाल कायम करण्यात येत आहे.

दुसरं सुखदेवच्या नावाचं. आपण स्वतःच्या निवेदनात मान्य केल्याप्रमाणे परीक्षेच्या कामात आपला गंभीर निष्काळजीपणा सिद्ध होत आहे. याची नोंद आपल्या सेवापुस्तकात घेण्यात येत आहे.

संस्कृतीनं दोन्ही पत्रं जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली आणि पुन्हा पुन्हा वाचली. तेच निवेदन. तिच्यासाठी खोटं, आणि त्याच्यासाठी खरं.

"ह्यात काय लिवलंय?" शालूनं विचारलं.

"पप्पांना शिक्षा झालीय," संस्कृती म्हणाली. "आणि मला काही नाही."

पाच तारखेला तिनं बंगळुरूच्या संस्थेला सगळी हकीकत लिहून पाठवली. दोन दिवसांनी उत्तर आलं. अतिशय सभ्य भाषेत होतं. आम्हाला खेद वाटतो, अट शिथिल करता येत नाही, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. तिनं ते सुखदेवला मराठीत वाचून दाखवलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो ऐकत राहिला. कुणाच्या पाया पडावं, कुठं जाऊन डोकं आपटावं... जगात कुठंतरी एखादं दार असेल जिथं बापाची चूक बापालाच भोगू देतात, ते दार त्याला सापडत नव्हतं.

पुढे विद्यापीठातल्या एमएस्सीच्या तिसऱ्या यादीत संस्कृतीचं नाव लागलं. ती गणेशखिंडीच्या बसनं जाऊ-येऊ लागली. लोक म्हणाले, चांगलं झालं, घरच्या घरी राहिली. तीही हो म्हणायची.

एकतीस जुलैला सुखदेव निवृत्त झाला. सेवापुस्तकात नोंद असलेल्या माणसाला निरोप समारंभ करावा की करू नये, यावर विभागात कुजबुज झाली, आणि कुजबुजीतच तो राहून गेला. त्यानं किल्ल्यांचा जुडगा बापट सरांच्या टेबलावर ठेवला आणि तो वळला.

"सुखदेव," सरांनी हाक मारली. ते खिडकीबाहेर बघत होते. "पुढच्या वर्षीपासून मिश्रणांचे नंबर बदलायचेत. सगळेच. ती यादी जुनी झाली म्हणतात."

"कुनी सांगितलं, सर?"

"कुणी नाही." मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या मराठीतही लावायच्यात. एवढं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं."

सुखदेवनं मान हलवली. एवढंच. एका माणसानं मानलं होतं, पण कागदावर त्याचा एक शब्दही उमटणार नव्हता, हे दोघांनाही कळत होतं.

जेवायच्या वेळेला तो घरी पोचला. शालूनं त्या दिवशी पुरणपोळी केली होती, दुसऱ्या कुणी नाही तर निदान आपण तरी, म्हणून. संस्कृतीनं विद्यापीठातून सुट्टी घेतली होती. ताटं वाढली गेली. पण ती जेवायला बसेना. आतून तिनं ती छायाप्रत आणली, घड्या पडून पडून मऊ झालेली, आणि तिसरं पान उघडून बापापुढे ठेवलं. शेजारी एक लाल पेन ठेवलं.

सुखदेवला कळेना. बत्तीस वर्षं त्यानं परीक्षकांच्या टेबलावर लाल पेनं मांडली होती, शाई उतरते का ते बघून. ते पेन कधी स्वतःच्या हातानं चालवायचं नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

"तपासा," ती म्हणाली.

"मी? येडी का काय. मला वाचाया तरी..."

"हे मी वाचून दाखवते." तिनं फुलीच्या शेजारच्या ओळीवर बोट ठेवलं. कपाटापुढे तिला बाटल्या दाखवताना तो ठेवायचा, तसंच. "रंग, लाल. निष्कर्ष, स्ट्रॉन्शियम. आता तुम्ही सांगा. सात नंबर तुम्ही केलं होतं. त्यात काय होतं हे जगात फक्त तुम्हाला माहीत आहे."

"ह्याचा काय उपेग, पोरी... जागा गेली."

"गेली," ती म्हणाली. "पण ही फुली माझ्याकडे राहणार आहे. जन्मभर. तिच्याशेजारी तुमचं असू दे."

सुखदेवनं पेन उचललं. शालूनं कागद दोन्ही बाजूंनी धरला. काळ्या फुलीच्या शेजारी त्यानं धायरीच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात, एकेक अक्षर जपून, लिहिलं... ‘बरोबर’. त्याखाली सही केली, सु. ग. पोकळे. आणि परीक्षक घालतात तशी तारीखही घातली.

संस्कृतीनं तो कागद उचलला, शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिली, आणि मग डोळे पुसून तिनं ताट पुढं ओढलं.